‘ग’ श्रेणीचं घर

“आजोबा, जरा खुर्ची सरकवता का? तुमच्या मागची भिंत बघायचीय.”

“मी उठलो तर ती पडेल,” बाबा म्हणाले. “इतकी वर्षं मीच टेकून धरलीय तिला.”

तपासनीस हसला. सूनबाईला मात्र आज काहीच हसण्यावारी न्यायचं नव्हतं. तिने बाबांच्या काखेत हात घातला, रजईसकट त्यांना उठवलं आणि पलंगाच्या कडेवर बसवलं. तेवढ्यानेही त्यांना धाप लागली. मग खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत तपासनीस यंत्र हातात धरून, नजर दुसरीकडे वळवून उभा राहिला. चांगला माणूस असावा.

शहरातल्या प्रत्येक राहत्या घराला त्या वर्षापासून श्रेणी लागू झाली होती. घर किती ऊब धरून ठेवतं आणि किती वाया घालवतं हे मोजायचं आणि दारावर पाटी लावायची. ‘अ’ सगळ्यात उत्तम, मग ब, क, ड, ई, फ, आणि ‘ग’ सगळ्यात शेवटची. ‘ग’ आली, तर दुरुस्ती केल्याशिवाय घर भाड्याने देता येणार नाही, असा नियम होता. मालक मोजणीची टाळाटाळ करत होता. शेवटी सूनबाईनेच कामावरून मधल्या सुट्टीत मोजणीच्या कार्यालयात फोन केला आणि तक्रार नोंदवली. बाबांना तिने सांगितलं ते तपासनीस यायच्या आदल्या दिवशी.

तिला सूनबाई म्हणायचे ते बाबा, तिचे सासरे. त्यांची हाक ऐकून ऐकून वरच्या मजल्यावरच्या शिवणमावशी, कोपऱ्यावरचा दुकानदार, अगदी पोस्टमनसुद्धा तिला त्याच नावाने ओळखू लागला. तिचा नवरा रस्त्यावरच्या अपघातात गेला, तेव्हा ती आता आपल्या वाटेने जाईल असंच सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. वय काही फार नव्हतं. ती गेली नाही. कोणी खोदून विचारलं तर म्हणायची, “मी गेले तर यांना सकाळचा चहा कोण देणार?” चहा बाबा स्वतःही करून घ्यायचे, आणि तिच्यापेक्षा चांगला करायचे. पण त्या दोघांचं तसंच चालू राहिलं होतं.

ती इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. दिवसभर इस्त्रीच्या गरम रुळांतून चादरी काढायच्या. हाताला चटके बसायचे, अंगावरचा कपडा घामाने भिजायचा, आणि घरी आल्यावर त्याच घामाने हुडहुडी भरायची. बाबांना आधीच्या हिवाळ्यात छातीच्या वॉर्डात ठेवलं होतं, तेव्हा त्या वॉर्डाच्या चादरी ती सगळ्यांच्या आधी उरकायची. घरी सोडताना तरुण डॉक्टरीण तिला बाजूला घेऊन म्हणाली होती, “औषध देईन मी, पण भिंतीला ओल आहे तोवर त्याचा काय उपयोग? पुढचा हिवाळा त्या घरात नको.”

हे वाक्य सूनबाईच्या डोक्यात जाऊन बसलं होतं.

“खिडक्या किती उघडतात?” तपासनिसाने विचारलं.

“उघडतात सगळ्या,” बाबा म्हणाले. “बंद एकही होत नाही.”

तपासनिसाच्या हातातल्या कॅमेऱ्याला ऊब दिसायची. पडद्यावर उबदार जागा नारिंगी, गार जागा निळी. खुर्चीमागची भिंत निळीशार निघाली, कोपरा तर जांभळा. त्याने सहज कॅमेरा पलंगाकडे वळवला आणि पडदा बाबांना दाखवला. त्या सगळ्या निळ्यात रजईत गुंडाळलेला एक नारिंगी ठिपका होता.

“अजून विझलो नाही म्हणायचं,” बाबा म्हणाले.

मग त्याने दाराच्या चौकटीत कापड ताणून त्यात एक मोठा पंखा बसवला. हा पंखा घरातली हवा बाहेर ओढतो आणि बाहेरची हवा कुठून कुठून आत घुसते ते दाखवतो, असं त्याने समजावलं. पंखा सुरू झाला आणि घर जागं झालं. पडदे भिंतीपासून सुटून उभे राहिले. विजेच्या बटणांच्या भोकांतून गार झोत येऊ लागले. जमिनीच्या फळ्यांमधून धूळ उडाली, आणि न्हाणीघराचं दार कोणीतरी ढकलल्यासारखं आपोआप उघडलं.

“सूनबाई, घर श्वास घेतंय बघ,” बाबा रजई गळ्यापर्यंत ओढत म्हणाले. “माझ्यापेक्षा बरा घेतंय.”

ती उठली आणि कपड्यांच्या कपाटाला खांदा लावून ते पुढे ओढलं. मागे भिंतीवर काळी बुरशी पसरली होती, छतापर्यंत. “हेही घ्या,” ती म्हणाली. “आणि पलंगाखाली बघा. वर मावशींकडेही असंच आहे, तिथेही चला.”

तपासनिसाने सगळं टिपून घेतलं. जाताना ती त्याच्यासोबत रस्त्यापर्यंत गेली.

“शेवटचीच येईल ना?”

तो थबकला. “सगळे मला उलटं विचारतात. ताई, शेवटची आली की काय होतं ते माहीत आहे ना तुम्हाला?”

“मालकाला दुरुस्ती करावी लागते.”

“हो, करावी लागते. नाहीतर भाड्याने देता येत नाही.”

त्याने ‘नाहीतर’ वर जरा जोर दिला होता. पण तिच्या कानापर्यंत पहिलं वाक्यच पोचलं.

पाटी लागली त्या दिवशी ती कामावरून येताना दुरूनच तिला दिसली. लाल रंगावर पांढरा ‘ग’. ती जवळजवळ धावतच आत गेली. “बाबा, लागली!” एखादं बक्षीस लागावं तसं ती म्हणाली. त्या संध्याकाळी तिने पलंग कुठे ठेवायचा, खिडकीपाशी खुर्ची कशी मांडायची, कपाट कुठे हलवायचं, सगळं बोलून दाखवलं. बाबा हुंकार भरत होते. बस चालवायचे तेव्हा शेजारी बसून बडबडणाऱ्या उतारूंना ते असेच हुंकार द्यायचे.

मालक त्या आठवड्यातच आला. थकलेला, जाडा, सदा घाईत असलेला माणूस. हे घर त्याला त्याच्या चुलत्याकडून आलं होतं आणि त्याच्या मते ते गळ्यात पडलेलं लोढणं होतं. तो खुर्चीच्या अगदी कडेवर बसला.

“बाई, मला एकदा विचारायचं तरी होतंत.”

“दर हिवाळ्यात सांगत आले मी.”

“हो. सांगत होतात.” त्याने घड्याळाकडे पाहिलं. “घर विकतोय मी. घेणारा ते पाडून नवं बांधणार आहे. अजून महिनाभर राहा. खरं तर तेवढंही ठेवून घेता येत नाही मला आता. की तेही कळवणार आहात?”

तिला काही समजेना. “पण दुरुस्ती करायचा नियम आहे ना!”

“दुरुस्ती करायचा नियम नाही. दुरुस्ती केल्याशिवाय भाड्याने द्यायचं नाही, असा नियम आहे. मग मी देत नाही. झालं.” तो उठला. दारापाशी वळून म्हणाला, “भिंती बाहेरून गुंडाळायच्या, खिडक्या बदलायच्या, जमीन उखडायची. माझ्या स्वतःच्या घरात नाही हो हे सगळं.”

त्याच्या आवाजात राग असता तर ती भांडली असती. पण तो नुसता कंटाळलेला होता.

त्याचं बोलणं जिन्यावर ऐकू गेलं असणार. सूनबाई बाहेर आली तेव्हा शिवणमावशी अर्ध्या पायऱ्या उतरून कठड्याला धरून उभ्या होत्या. गळ्यात मोजपट्टी तशीच. वरच्या खोलीत त्या तरुणपणापासून राहत होत्या. गल्लीतल्या लोकांचे कपडे घट्ट करायचे, सैल करायचे, रफू करायचे, हेच त्यांचं आयुष्य. बाबांच्या सदऱ्यांच्या उलटलेल्या कॉलरी त्यांच्याच हातच्या.

“ती पाटी तू लावलीस?”

“मावशी, मला वाटलं...”

“माझ्या खोलीत माणूस पाठवलास तेव्हा मला म्हणालीस, सरकारी मोजणी आहे. सगळ्यांचीच होतेय.”

“होतेयच सगळ्यांची. पण मालक टाळत होता.”

“टाळू द्यायचं होतंस.” मावशींचा आवाज चढला नाही. “मला थंडी सोसत होती गं. दोन स्वेटर घालायचे, पायाला शेक द्यायचा, मशीन चालवलं की अंगात ऊब यायची. हे नाही सोसायचं मला. या वयात मला कोण खोली देतंय?”

“बाबांच्या छातीसाठी केलं हो मी.”

“माहितीय कशासाठी केलंस. म्हणून तर तुला शिव्याही देता येत नाहीत.”

त्या वळून जिना चढू लागल्या. प्रत्येक पायरीवर एक पाय, मग त्याच पायरीवर दुसरा.

सूनबाईचा त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवसापासून ती त्या तपासनिसाला शोधू लागली. कार्यालयात गेली, तर तो बाहेर गेलेला. पुन्हा गेली, पुन्हा बाहेर. अखेर कामावर जाताना पलीकडच्या रस्त्यावर त्याची गाडी दिसली. तो एका घराच्या दाराशी पंख्याची चौकट सोडवत होता.

“ओळखलंत का?”

“ओळखलं ताई. आजोबा कसे आहेत?”

तिने सगळं सांगितलं. मग जीभ रेटत नसताना म्हणाली, “एक पायरी वर नाही का करता येणार? ‘ग’ च्या जागी ‘फ’. एवढंच.”

त्याने चौकट जमिनीवर ठेवली. “मोजलंय ते. नोंदलंय.”

“चूक झाली म्हणा. माणूसच आहात तुम्ही.”

“ताई, त्या दिवशी कपाट तुम्ही ओढलंत. मी नव्हतो ओढलं.”

तो हातमोजे काढून पुन्हा घालत राहिला. “आणि समजा लिहिलं खोटं,” तो हळूच म्हणाला. “तुम्ही राहिलात तिथे. पुढचा हिवाळा आला. तुमचे सासरे...” त्याने वाक्य तोडलं. “मला रोज कोणीतरी विचारतं. वर करा, खाली करा. माझं स्वतःचं घर ‘ई’ आहे. मी कोणाला विचारू?”

ती कामावर उशिरा पोचली आणि मुकादमीणबाईंची बोलणी खाल्ली.

मग घरं पाहणं सुरू झालं. वरच्या श्रेणीच्या पाट्या हिरव्या असत. त्या दारांवर ती संकोचून उभी राहायची. घरवाले आधी कामाचं विचारत, मग घरात कोण कोण म्हणून विचारत. सासरे, असं म्हटलं की पुढचा प्रश्न, तब्येत कशी असते त्यांची? तिने खोटं बोलून पाहिलं. एका बाईंनी हसून म्हटलं, “मग त्यांना घेऊन या ना, बघू दे तरी.” बाबांना तिथवर चालवत नेणंच शक्य नव्हतं. आणि भाडी अशी की ऐकूनच तोंडचं पाणी पळावं. मालकाने दिलेली मुदत सरत चालली.

एका संध्याकाळी ती घरी आली, तर बाबा कपडे करून बसलेले. दाढी केलेली.

“मुलीला फोन केला,” ते म्हणाले. “ती न्यायला येतेय. रविवारी.”

“मला न विचारता?”

“तू तपासनिसाला बोलावलंस तेव्हा मला विचारलंस?”

ते हसत होते. तिने बूट काढायला खाली वाकून तोंड लपवलं. ती बराच वेळ बुटाची नाडी सोडवत बसली.

“माझ्यामुळे झालं हे सगळं,” ती खालीच बघत म्हणाली.

“खुळी आहेस. या घरात मी मेलो असतो, हे काय मला कळत नाही? बरोबरच केलंस तू. त्याचं असं झालं, त्याला तू काय करणार.” मग थोडं थांबून, धाप जिरवून ते म्हणाले, “मुलीकडे एकच खोली मोकळी आहे. तुझं कसं करायचं?”

“इस्पितळाच्या कामगार बायकांच्या वसतिगृहात खाट मिळेल मला. विचारलंय मी.”

तिने विचारलेलं नव्हतं. ते तिने दुसऱ्या दिवशी जाऊन विचारलं.

रविवारी नणंद नवऱ्याला आणि गाडीला घेऊन आली. ती वाईट नव्हती. घरात शिरताच तिने भिंतीवरून हात फिरवला आणि तिचे डोळे भरून आले. “वहिनी, इथे राहत होतात तुम्ही? मला कधी बोलली का नाहीस?” तिने भावाच्या माघारी या घरात फारसं पाऊल टाकलं नव्हतं, ही गोष्ट कोणीच काढली नाही. बाबांनी उचलून नेऊ दिलं नाही. भिंतीला धरत धरत चालत गेले, पुढच्या आसनावर बसले आणि जावयाला म्हणाले, “दुसऱ्या गिअरमध्येच ठेव हं चढावर. घाई करू नकोस.” गाडी वळेपर्यंत ते त्यालाच काहीबाही सांगत होते. सूनबाई औषधांची पिशवी कुठे ठेवलीय ते तीनतीनदा नणंदेला बजावत गाडीसोबत चार पावलं चालली.

मावशींचं सामान तिनेच बांधून द्यायचं ठरवलं होतं. वर गेली, तर खोली रिकामी होती. बाजारामागे एका दुकानाच्या तळघरात त्यांना जागा मिळाल्याचं पोस्टमनकडून कळलं.

सुट्टीच्या दिवशी ती तिथे गेली. लोखंडी जिना उतरून खाली खोकी रचलेली होती, आणि खोक्यांच्या पलीकडे मावशींचं मशीन. खिडकी नव्हती. शेगडी नव्हती. जमिनीच्या सिमेंटवर पुठ्ठे अंथरले होते. ती कोठाराची जागा होती. तिथे माणूस राहतो अशी कुठे नोंदच नव्हती, त्यामुळे तिची मोजणी करायला कोणी येणार नव्हतं आणि तिच्या दारावर कसलीच पाटी लागणार नव्हती.

“मावशी, इथे तर तिथल्यापेक्षाही गारठा आहे.”

“आहे.” मावशी सुईत दोरा ओवत होत्या. बोटं ताठली होती, दोरा जात नव्हता. सूनबाईने हात पुढे केला. मावशींनी सुई दिली नाही. पुन्हा पुन्हा प्रयत्न करून स्वतःच ओवला.

“आमच्या धुलाईघरात फाटक्या चादरी शिवायला माणूस हवाय,” सूनबाई म्हणाली. “मी बोलू का?”

मावशींनी कापड मशीनखाली सरकवलं. “बोल,” त्या म्हणाल्या. “पण तू बोललीस हे मला सांगू नकोस.”

सूनबाईने मुकादमीणबाईंकडे शब्द टाकला. त्या म्हणाल्या, पुढच्या महिन्यात बघू. पुढच्या महिन्यात तिने पुन्हा विचारलं. तोवर मावशींना न्यूमोनिया झाला होता. ज्या वॉर्डात बाबा होते त्याच्या बायकांच्या बाजूला त्यांना ठेवलं होतं. सूनबाई रोज जेवणाच्या सुट्टीत वर जायची. मावशी डोळे मिटून असायच्या. जाग आहे की नाही ते कळायचं नाही. एकदा तिने हात हातात घेतला, तेव्हा त्यांनी काढून घेतला नाही. तेवढंच. पुढच्या सोमवारी ती वर गेली तेव्हा मावशींची खाट रिकामी होती, तिच्यावर धुतलेली चादर घातलेली होती. कडा नीट दुमडलेल्या. शनिवारच्या ढिगातली, तिच्याच हाताखालून गेलेली.

ही बातमी बाबांना सांगायची की नाही, यावर तिचा बसमधला सगळा वेळ गेला. नणंदेची वसाहत शहराबाहेर होती, नवी कोरी. प्रत्येक दारावर हिरवी पाटी. नणंदेने दार उघडलं तशी आतली ऊब तिच्या चेहऱ्यावर आली. कोट काढून कुठे ठेवावा हे तिला कळेना.

बाबा आपल्या खोलीत अर्ध्या बाह्यांच्या बनियनवर बसले होते. हिवाळ्यात तिने त्यांचे उघडे हात कधी पाहिले नव्हते. किती बारीक झाले होते ते. पण चेहऱ्यावर रंग होता. ती तासभर बसली, तेवढ्यात ते एकदाही खोकले नाहीत.

“बरं आहे इथे,” ते म्हणाले. “मुलगी सगळं करते. चहा तेवढा पाणचट.”

“मी करू?”

“नको. तिला वाईट वाटेल.” मग त्यांनी विचारलं, “तुझी वसतिगृहातली खोली कशी आहे? थंडी वाजते?”

“नाही. चांगली आहे.”

“आणि शिवणबाई?”

सूनबाईने खिडकीकडे पाहिलं. “चाललंय त्यांचं,” ती म्हणाली.

बाबा तिच्याकडे बघत राहिले. बसच्या आरशात मागच्या उतारूकडे बघावं तसे. मग त्यांनी दुसराच विषय काढला.

निघताना नणंद डबा देऊ लागली, तिने नको म्हटलं. बाबांना जिन्यापर्यंत यायचं होतं, नणंदेने येऊ दिलं नाही. बाहेर वारा सुटला होता. बसथांबा समोरच होता. तिने वळून पाहिलं तेव्हा बाबा खिडकीत उभे होते, बनियनवरच, चौकटीला धरून. ते तिला काहीतरी सांगत होते.

काचा जाड होत्या, तिहेरी. ओठ हलताना दिसत होते, शब्द येत नव्हते. ती रस्ता ओलांडून खिडकीच्या अगदी खाली गेली आणि कानाशी हात नेला. बाबांनी पुन्हा तेच सांगितलं, जरा सावकाश, बोट उंचावून. तरीही काही ऐकू आलं नाही. खिडकी उघडायचा खटका त्यांना सापडत नव्हता. ते काचेवरून हात फिरवत राहिले.

मागे बस येऊन थांबली. सूनबाईने मान हलवली. सगळं कळल्यासारखी, हो, हो, करेन, अशी. बाबांना समाधान वाटलेलं दिसलं. त्यांनी बोट खाली घेतलं, आणि ती बसमध्ये चढली.